आडवी बाटली की उभी? दारू दुकानाच्या मतदानाआधी करायचा हिशोब

गावातलं परवान्याचं दारू दुकान चालू ठेवायचं की बंद करायचं, हे महाराष्ट्रात गावातल्या बाया मतदानानं ठरवू शकतात. 2008 च्या शासन आदेशाप्रमाणे यादीतल्या किमान 25 टक्के महिला मतदारांनी सह्यांचं निवेदन दिलं की सह्यांची पडताळणी होते आणि मग गुप्त मतदान लागतं. मतपत्रिकेवर दोन चित्रं असतात. आडवी बाटली म्हणजे दुकान बंद, उभी म्हणजे चालू.

आता आकडा नीट समजून घ्या, कारण गावंच्या गावं इथंच चुकतात. दुकान बंद व्हायला यादीतल्या एकूण महिला मतदारांच्या निम्म्याहून जास्त मतं आडव्या बाटलीला पडावी लागतात. झालेल्या मतदानाच्या निम्मी मतं पुरत नाहीत. यादीत 1,240 बाया असतील तर निवेदनाला 310 सह्या लागतील आणि बंदीला 621 मतं. समजा, मतदानाला 850 जणी आल्या. 600 जणींनी आडवीवर शिक्का मारला, 250 जणींनी उभीवर. दुकान चालूच राहणार. म्हणून 'मला त्यात पडायचंच नाही' असं म्हणून घरी बसणारी बाई नकळत उभ्या बाटलीच्या बाजूला जाते. सासूबाईंना गुडघ्यामुळं चालवत नसेल, तर त्यांना केंद्रावर नेण्याची सोय आदल्या दिवशीच करून ठेवा.

मत ठरवताना आधी घरचा हिशोब मांडा. घरात कुणी पीत असेल, तर महिनाभर वहीत रोजचा खर्च लिहा. देशीची क्वार्टर 80 रुपयांची धरली आणि महिन्याचे 25 दिवस रोज एक धरली, तर महिन्याला 2,000 आणि वर्षाला 24,000 रुपये होतात. बुडालेली मजुरी आणि दवाखाना वेगळा. घरात कुणी पीत नसेल, तर दुकानापुढून लेकी शाळेला कशा जातात, बाजाराच्या दिवशी संध्याकाळी तिथून बाईमाणूस जाऊ शकतं का, हे स्वतः जाऊन बघा.

'दुकान गेलं तर गावाचं उत्पन्न बुडेल' असं पारावर हमखास ऐकू येतं. दारूवरचं उत्पादन शुल्क आणि परवान्याची फी राज्याच्या तिजोरीत जाते. ग्रामपंचायतीला त्या इमारतीची घरपट्टी मिळते, आणि तिथं किराणा लागला तरी ती मिळणारच आहे. शंका असेल तर ग्रामपंचायत अधिकाऱ्याला (पूर्वीचा ग्रामसेवक) नमुना 8 चं, म्हणजे घरपट्टी आकारणीचं रजिस्टर दाखवायला सांगा.

दुसरा आक्षेप मात्र खरा आहे आणि त्याला उडवून लावू नये. मतदानानं फक्त परवान्याचं दुकान बंद होतं. हातभट्टी आधीपासूनच बेकायदा आहे. ती मतदानानं थांबत नाही. दुकान बंद झाल्यावर शेजारच्या गावातून खोकी आणून टपरीच्या आडून विकणारे तयार होतात. देगलूर, बिलोलीकडं तेलंगणाची हद्द जवळ आहे, उमरग्याकडं कर्नाटकाची. तिथं ही वाट आणखी सोपी. म्हणून पुढाकार घेणाऱ्यांना मतदानाआधीच विचारा: बंदीनंतर लक्ष कोण ठेवणार? बेकायदा दारूवर नजर ठेवणाऱ्या ग्रामरक्षक दलासाठी नावं कुणी दिली आहेत? रात्री पोलिसांच्या 112 ला फोन कोण लावणार? नावं सांगता येत नसतील, तर मतदान महिनाभर पुढं गेलेलं बरं. आमचं मत विचाराल तर ही तयारी असेल तिथं आडवी बाटलीच मारावी. घरातला पैसा आणि बाईचा जीव, दोन्हींचा प्रश्न आहे.

आडवी ठरली की यादी हातात घ्या. तहसीलमधून चालू मतदार यादी मिळवा आणि वाडी-तांड्याची नावं कोणत्या भागात आहेत, मतदान कोणत्या यादीवर होणार, हे तिथंच विचारून घ्या. मग घरोघर फिरून तीन खुणा करा: वारलेल्या, सासरी गेलेल्या, ऊसतोडीला जाणाऱ्या. पहिल्या दोघींची नावं यादीत राहिली तर निम्म्याचा आकडा उगाच वाढतो. वारलेल्यांसाठी बीएलओकडं, म्हणजे मतदार यादीचं काम बघणाऱ्या कर्मचाऱ्याकडं, नाव वगळण्याचा नमुना 7 भरा. सासरी गेलेल्या लेकीनं तिकडं मतदार यादीतला पत्ता बदलण्याचा नमुना 8 भरला की इकडचं नाव निघतं. वरच्या उदाहरणात अशी 90 नावं निघाली तर यादी 1,150 ची होते आणि 621 ऐवजी 576 मतं पुरतात. हे काम निवेदनाच्या दोन-तीन महिने आधी सुरू करा.

बीड, धाराशिव, जालन्याच्या गावांत तारखेवर सगळं अवलंबून असतं. दसरा-दिवाळीनंतर कोयता, म्हणजे ऊसतोडीची जोडपी, निघतो तो गुढीपाडव्याच्या आसपास परततो. 1,240 पैकी 300 बाया फडावर असतील, तर उरलेल्या 940 मधून 621 मतं काढायची, म्हणजे तीनातल्या जवळपास दोघी आडवीवर हव्यात आणि आडवीच्या बाजूची एकही घरी राहून चालत नाही. निवेदन पाडव्यानंतर द्या, आणि मतदान पेरणीच्या धांदलीत अडकणार नाही असा पाठपुरावा जिल्हाधिकारी कार्यालय आणि राज्य उत्पादन शुल्कच्या अधीक्षकांकडं करा.

सह्या 310 लागत असतील तर 400 गोळा करा. पडताळणीत सह्या गळतात, आणि कारणं ठरलेली: सुनेनंच सासूची सही केली, माहेरच्या नावानं सही झाली, किंवा पडताळणीच्या दिवशी बाई वावरात होती. प्रत्येकीचं नाव यादीत आहे तसंच लिहा, पुढं यादीतला अनुक्रमांक टाका, आणि पडताळणीला ओळखपत्र घेऊन स्वतः हजर राहायला सांगा.

मतदानाच्या आदल्या आठवड्यात बचत गटाच्या बैठकीत कागदावर दोन्ही बाटल्या काढून दाखवा. 'बाटलीला मत द्या' एवढंच ऐकलं की म्हाताऱ्या बाया ओळखीची उभी बाटली बघतात. शिक्का चित्रावरच मारायचा. कागदाची घडी अशी घाला की ओली शाई दुसऱ्या चित्रावर उमटणार नाही. अंगठा उमटवला किंवा दोन्हीकडं शिक्का मारला तर मत बाद होतं, आणि बाद मत आडवीत धरलं जात नाही.

मोजणी होईपर्यंत चार-पाच जणी तिथंच थांबा. एकूण यादी, झालेलं मतदान, आडवी, उभी आणि बाद, हे पाचही आकडे लेखी घेऊनच घरी जा.