चंगीझ खानाची वंशावळ काढायची, तर आधी आयांची नावं लिहा

चंगीझ खानाची वंशावळ मी आजवर तीनदा काढली. पहिल्या दोन खेपांना बापाखाली मुलगा, मुलाखाली नातू अशा सरळ रेघा ओढत गेले. कागद भरला, पण गादी एका पातीकडून, म्हणजे शाखेकडून, दुसऱ्या पातीकडे का गेली ते काही उमगेना. तिसऱ्या खेपेला आयांची नावं आधी लिहिली आणि घराणं उलगडत गेलं. ती रीत सांगते.

मिळेल तेवढा मोठा कागद घ्या आणि आडवा धरा. पेन्सिलच वापरा, खोडाखोड अटळ आहे. अपत्यासाठी एकेरी रेघ, लग्नासाठी दुहेरी, वादग्रस्त नात्यासाठी तुटक. जन्मसालांच्या मागे लागू नका, बऱ्याच जणांची नक्की नाहीत, खुद्द चंगीझ खानाचंही नाही. गादीवर आल्याचं आणि मृत्यूचं साल पुरे.

कागदाच्या वरच्या तिसऱ्या हिश्श्यात तेमुजिन आणि बोर्ते ही जोडी मांडा. १२०६ मध्ये कुरुलताईत, म्हणजे सरदारांच्या सभेत, तेमुजिन चंगीझ खान झाला आणि १२२७ मध्ये वारला. वर बाप येसुगेई, आजा बार्तान, पणजा खाबुल खान. त्याच्याही वर थोडी जागा सोडून अलान गोवा हे एकच नाव ठळक लिहा. नवरा वारल्यावर तिला तीन मुलगे झाले. नवऱ्यापासूनचे थोरले दोघे आपसात कुजबुजू लागले, तेव्हा तिने पाचही जणांना एकेक बाण मोडायला दिला. तो सहज मोडला. पाच बाणांची जुडी मात्र कोणालाच मोडेना. त्या तिघांचा बाप म्हणजे तंबूच्या धुराड्यातून उतरणारा तेजस्वी पुरुष, असं तिने सांगितल्याचं ‘मंगोलांचा गुप्त इतिहास’ या तेराव्या शतकातल्या ग्रंथात आहे. त्यातल्या धाकट्या बोदोन्चारपासून बोर्जिगिन कुळ निघालं. म्हणजे कुळाचं मूळच आईकडून. तिच्याही आधीचे दंतकथेतले पूर्वज, लांडगा आणि हरिणी, समासात लिहा, रेघेने जोडू नका.

आता कागदाच्या कडेला मेरकिट टोळीची एक चौकट काढा. ही चौकट मी दोन्ही वेळा वगळली होती. चंगीझ खानाची आई होएलुन ही मुळात चिलेदू नावाच्या मेरकिटाची नवी नवरी. येसुगेईने तिला ओनोन नदीकाठी पळवलं. नवऱ्याचा जीव वाचावा म्हणून तिने त्याला पळून जायला सांगितलं आणि आपला वास आठवणीत राहावा म्हणून अंगातला सदरा काढून त्याच्याकडे फेकला. पुढे कित्येक वर्षांनी मेरकिट सूड घ्यायला आले. बोर्ते बैलगाडीत लपली होती, पण गाडीचा आस मोडला आणि ती सापडली. तिला चिलेदूच्या धाकट्या भावाच्या, चिलगेरच्या हवाली केलं. तिची सुटका झाल्यावर जोची जन्मला. होएलुन आणि बोर्ते, दोघींपासून या चौकटीकडे तुटक रेघ ओढा. तेमुजिन ते जोची ही रेघ मात्र मी सलग काढते, कारण बापाने त्याला कायम आपलाच थोरला मानलं.

भावांनी मानलं नाही. १२१९ च्या मध्य आशियातल्या ख्वारझम राज्यावरच्या स्वारीआधी येसुई या राणीने वारसाचा प्रश्न काढला. चगताईने जोचीला मेरकिटाचा म्हणून हिणवलं आणि दोघांनी एकमेकांची गचांडी धरली. कोकोचोस या वडीलधाऱ्याने चगताईला सुनावलं, की तुम्ही एकाच कुशीतून आलात, आईचं मन दुखवू नका. गादी शेवटी तिसऱ्याला, ओगेदेईला मिळाली, १२२९ मध्ये.

चंगीझ खानाला इतर राण्यांपासूनही मुलगे होते, उदाहरणार्थ खुलानचा कोल्गेन. पण रुंद पात्या काढायच्या त्या बोर्तेच्या चौघांच्याच, जोची, चगताई, ओगेदेई आणि तोलुई यांच्या, कारण वारसा पट्टराणीच्या पोरांचा. चौघांना सारखी जागा देऊ नका. जोचीला सर्वात ऐसपैस द्या: ओर्दा, बातू, शिबान, तोका-तिमूर, आणि पुढे कझाकांचे खान व १७८३ पर्यंत टिकलेले क्रिमियाचे खान. ओगेदेईची पाती आखूड. विधवा तोरेगेनेने कारभार हाती ठेवून १२४६ मध्ये मुलगा गुयुकला बसवलं, तो दोन वर्षांत गेला.

तोलुईच्या नावाशेजारी त्याच्या बायकोचं, सोरगागतानी हे नाव मोठ्या अक्षरात लिहा. तोलुई १२३२ मध्ये वारला. गुयुकशी लग्न करण्याचा प्रस्ताव आला तेव्हा, मुलं वाढवायची आहेत, असं सांगून तिने तो नाकारला. हा नकार मला या वंशावळीतला सर्वात मोठा वळणबिंदू वाटतो. १२५१ मध्ये तिचा मोंगके गादीवर बसला, कुब्लाईने चीनमध्ये युआन घराणं उभारलं आणि हुलागूने १२५८ मध्ये बगदाद घेतलं. चौथा अरिक बोके कुब्लाईशी भांडून हरला.

विधवेचं लग्न दिराशी किंवा सावत्र मुलाशी लावण्याची रीत होती, म्हणून एकच बाई दोन ठिकाणी भेटते. दोकुझ खातून तोलुईच्या घरातली, पुढे हुलागूची राणी. ओर्गाना आधी चगताईचा नातू कारा हुलागूची, मग दुसऱ्या नातवाची, अल्घूची. अशा वेळी चौकट एकच काढा आणि तिला दोन दुहेरी रेघा जोडा. कारा हुलागू वेगळा आणि हुलागू वेगळा, हेही लक्षात ठेवा.

आजच्या मंगोलियात बोर्जिगिन आडनाव दिसलं म्हणून लगेच रेघ ओढू नका. कुळनावांवर विसाव्या शतकात बंदी होती. ती उठल्यावर अनेकांनी हे नाव आवडीने घेतलं.

चगताईची पाती शेवटी काढा, कारण तिला बाहेरून येऊन मिळणाऱ्या रेघा आहेत. तैमूर बारलास टोळीचा, चंगीझ खानाच्या रक्ताचा नव्हे. त्यामुळे तो खान म्हणवून न घेता अमीर राहिला. चगताई वंशातल्या कझान खानाची मुलगी सराय मुल्क खानुम हिच्याशी लग्न करून त्याने गुरेगान, म्हणजे जावई, हा किताब लावला. पुढे त्याच्या वंशातल्या उमर शेखचं लग्न चगताई वंशातल्या युनूस खानाच्या मुलीशी, कुतलुग निगारशी झालं. त्या दुहेरी रेघेखाली १४८३ हे जन्मसाल घालून बाबराचं नाव लिहा. ज्यांना आपण मुघल म्हणतो ते स्वतःला गुरकानी म्हणवत, म्हणजे जावयाचं घराणं.