कृष्णवर्णीय कुटुंबांच्या जुन्या घरगुती फिल्म्स : शोधायच्या कुठे आणि वापराची परवानगी मागायची कशी

चर्चमधून बाहेर पडलेली माणसं एकेक करून कॅमेऱ्यासमोरून जातात. अंगावर रविवारचे ठेवणीतले कपडे. कुणी लाजतं, कुणी थेट भिंगात बघतं. ओक्लाहोमातले बाप्टिस्ट धर्मोपदेशक सॉलोमन सर जोन्स यांनी १९२४ ते १९२८ या काळात १६ एमएमच्या कॅमेऱ्यावर हे टिपलं. टल्सा शहरातली कृष्णवर्णीयांची ग्रीनवुड वस्ती १९२१ मध्ये जाळली गेली, त्यानंतर जेमतेम तीन वर्षांनी त्यांनी चित्रण सुरू केलं. त्यांच्या रिळांमध्ये शाळा आहेत, दुकानं आहेत, नदीतले बाप्तिस्मे आहेत, तेलविहिरींचे कृष्णवर्णीय मालकही आहेत.

अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांचा इतिहास म्हटला की आपल्याला बहुधा मोर्चे, पोलिसांचे कुत्रे आणि पाण्याचे फवारे आठवतात. ते चित्रण बातमीसाठी बाहेरून आलेल्यांचं. घरच्या माणसाने घरच्यांचं केलेलं चित्रण पाहिलं की तोच काळ वेगळा दिसतो. मुंबईत १९७२ मध्ये दलित पँथरने आपलं नाव अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या ‘ब्लॅक पँथर’ पक्षावरून घेतलं. त्या नात्यावर माहितीपट किंवा प्रदर्शन करू पाहणाऱ्या मराठी माणसालाही कधी ना कधी असं फुटेज लागतंच. ते मिळवण्याची वाट मी काही वर्षं तुडवली आहे. ती पायरीपायरीने सांगतो.

आधी काय हवंय ते एका ओळीत लिहा

‘१९५० च्या काळातलं कृष्णवर्णीय जीवन’ असं लिहून पाठवलंत तर संग्रहपालाच्या हाती काहीच लागत नाही. गाव, दशक, प्रसंग आणि किती सेकंद हवेत, एवढं लिहा. ‘शिकागोचा साउथ साइड भाग, १९५० ते १९६०, घरासमोर खेळणारी मुलं किंवा अंगणातली जेवणावळ, साधारण २० सेकंद’ अशी मागणी असली तर उत्तर लवकर येतं.

इथे थोडा इतिहास माहीत असला तर शोध सोपा होतो. साधारण १९१० ते १९७० या काळात सुमारे ६० लाख कृष्णवर्णीय माणसं दक्षिणेतली राज्यं सोडून उत्तरेतल्या आणि पश्चिमेतल्या शहरांत गेली. यालाच ‘ग्रेट मायग्रेशन’ म्हणतात. पण गाव सुटलं तरी जाणं-येणं राहिलं. त्यामुळे मिसिसिपीतलं एखादं खेडं तुम्हाला शिकागोच्या कुटुंबाच्या रिळात, उन्हाळ्याच्या सुटीत सापडू शकतं. आपल्याकडे गिरणगावातल्या माणसाच्या अल्बममध्ये कोकणातलं घर सापडावं, तसंच हे.

कुठे शोधायचं

सुरुवात मी नेहमी शिकागो विद्यापीठाच्या ‘साउथ साइड होम मूव्ही प्रोजेक्ट’पासून करतो. चित्रपट-अभ्यासक जॅकलिन स्टुअर्ट यांनी हा प्रकल्प २००५ मध्ये सुरू केला. साउथ साइडमधल्या कुटुंबांची रिळं इथे जपली जातात, डिजिटल केली जातात आणि त्या कुटुंबांच्या आठवणीही ध्वनिमुद्रित केल्या जातात. माझ्या मते या संग्रहाचं खरं मोल त्या आठवणींत आहे. चित्रात फक्त एक बाई स्वयंपाकघराच्या दारात उभी दिसते. ती कोण, घर कुठल्या रस्त्यावर होतं, कॅमेरा कुणाच्या हातात होता, हे आठवणींतून कळतं.

दुसरं ठिकाण वॉशिंग्टनमधलं, स्मिथसोनियनचं आफ्रिकन-अमेरिकन इतिहास आणि संस्कृती संग्रहालय. ते २०१६ मध्ये उघडलं. त्यांच्या ‘ग्रेट मायग्रेशन होम मूव्ही प्रोजेक्ट’मध्ये कुटुंबांनी आणलेल्या फिल्म्स आणि टेप्स विनामूल्य डिजिटल करून दिल्या जातात. जोन्स यांची २९ रिळं येल विद्यापीठाच्या बायनेकी ग्रंथालयात आहेत आणि ती घरबसल्या पाहता येतात. याशिवाय टेक्सास अर्काइव्ह ऑफ द मूव्हिंग इमेज आणि प्रेलिंगर अर्काइव्ह्ज हेही चाळा.

शोधताना एक अडचण हमखास येते. जुन्या नोंदींमध्ये ‘ब्लॅक’ किंवा ‘आफ्रिकन-अमेरिकन’ हे शब्द नसतात. तिथे ‘निग्रो’, ‘कलर्ड’ असे त्या काळचे शब्द असतात, किंवा नुसतंच ‘कुटुंबाची सहल’ लिहिलेलं असतं. म्हणून वस्तीचं, चर्चचं, शाळेचं, मिरवणुकीचं नाव टाकून शोधा. शिकागोसाठी ‘ब्रॉन्झव्हिल’ (साउथ साइडमधली कृष्णवर्णीयांची वस्ती) किंवा ‘बड बिलिकन परेड’ (तिथली दरवर्षीची मिरवणूक) टाकून बघा. वंशाचा उल्लेख न करताही बरंच काही हाती लागतं.

पूर्ण रीळ बघा, तुकडा नको

८ एमएमचं ५० फुटी रीळ सेकंदाला १६ चौकटींच्या (फ्रेम्सच्या) वेगाने चार मिनिटांच्या आसपास चालतं. १९६५ मध्ये आलेल्या सुपर ८ फिल्मचं कार्ट्रिज सेकंदाला १८ चौकटींनी ३ मिनिटं २० सेकंद. फिल्म महाग होती, धुऊन घ्यायलाही पैसे पडत. चारच मिनिटं हाताशी असताना एखाद्या माणसाने नव्या गाडीवर अर्धं मिनिट घालवलं असेल, तर ती गाडी त्या घरात किती मोठी गोष्ट होती ते कळतं. तुमच्या कामाचा तुकडा त्या अर्ध्या मिनिटाच्या आजूबाजूलाच असतो, म्हणून रीळ सलग बघायचं.

बघताना टाइमकोडसह (दृश्य रिळात कितव्या मिनिट-सेकंदाला येतं त्यासह) टिपणं काढा. सालाबद्दल शंका असेल तर गाडीची नंबरप्लेट बघा, अमेरिकेतल्या जुन्या प्लेटवर बऱ्याचदा सालच छापलेलं असतं. कोडॅकच्या फिल्मच्या कडेला वर्तुळ, चौकोन, त्रिकोण अशा खुणा असतात, त्यावरून फिल्म कधी तयार झाली ते कळतं. पण ती चिन्हं ठरावीक वर्षांनी पुन्हा वापरली गेली, म्हणून नुसत्या खुणेवर विसंबू नका.

आणि वेग जरूर तपासा. १६ चौकटींची फिल्म २४ च्या वेगाने चालवली तर माणसं तुरुतुरु धावायला लागतात आणि बघणारे हसतात. ज्या माणसाने आपल्या आईला अंगणातून चालत येताना जपून टिपलं, त्याच्या आईवर शंभर अनोळखी लोकांनी हसावं, हे मला सहन होत नाही. मूळ वेगातलीच प्रत मागा.

हक्क नक्की कुणाकडे आहेत

सगळ्यात जास्त घोटाळा इथे होतो. रीळ ज्याच्या ताब्यात, हक्क त्याचेच, असं नसतं. अमेरिकन कायद्यात वस्तूची मालकी आणि कॉपीराइट या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. घरगुती फिल्मचा कॉपीराइट सहसा ज्याने कॅमेरा चालवला त्याचा, आणि त्याच्यामागे त्याच्या वारसांचा. कधी प्रकाशित न झालेल्या फिल्मचा कॉपीराइट चित्रण करणाऱ्याच्या मृत्यूनंतर ७० वर्षं टिकतो. एखादे काका १९८० मध्ये वारले असतील तर हक्क २०५० अखेरपर्यंत वारसांकडे. चित्रण कुणी केलं हेच कळत नसेल तर चित्रणापासून १२० वर्षं धरतात.

म्हणून संग्रहाला पहिला प्रश्न विचारा : हक्क तुमच्याकडे लेखी आले आहेत, की कुटुंबाकडेच आहेत? काही संग्रह स्वतः परवाना देतात, काही तुमचं पत्र कुटुंबापर्यंत पोचवतात. दोन्हीमध्ये महिने जाऊ शकतात.

आणखी दोन गैरसमज. लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या नॅशनल फिल्म रजिस्ट्रीत, म्हणजे जपण्याजोग्या फिल्म्सच्या यादीत, नर्तक निकोलस बंधूंच्या घरगुती फिल्म्स २०११ मध्ये, जोन्स यांच्या २०१६ मध्ये आणि जॅझ गायक कॅब कॅलोवे यांच्या २०२२ मध्ये घेतल्या गेल्या. हा गौरव आहे, त्याने फिल्म वापरायला मोकळी होत नाही. दुसरं, एखादी फिल्म इंटरनेटवरून मोफत उतरवता येते म्हणून त्यात दिसणाऱ्यांची संमती मिळाली असं होत नाही. चेहरा स्पष्ट दिसत असेल आणि तुम्ही तो जाहिरातीत किंवा पोस्टरवर वापरणार असाल तर वेगळी परवानगी लागते. फिल्मला आवाज असेल आणि मागे रेडिओवर गाणं वाजत असेल तर त्या गाण्याचे हक्क आणखी तिसऱ्याच कुणाकडे.

पत्रात काय लिहावं

इथे मी एकदा चुकलो, ते सांगतो. एका माहितीपटासाठी १९६० च्या दशकातल्या वाढदिवसाची काही सेकंदं घेतली होती. करार झालेला, पैसे दिलेले. संकलनात ती दृश्यं पोलिसांच्या गोळीबारावरच्या निवेदनाखाली गेली. आम्हाला वाटलं, काळ तोच आहे. फिल्म पाहून त्या घरातल्या आजींनी विचारलं, “केक कापणारा मुलगा माझा भाऊ आहे. तो जिवंत आहे. लोकांना तो मेला असं का वाटावं?” आम्ही ती दृश्यं काढली. पण त्या आजींनी ते एकदा पाहिलं होतं, ते आम्हाला परत घेता आलं नाही.

तेव्हापासून माझ्या पत्रात दृश्याच्या आधी काय आहे, नंतर काय आहे आणि त्यावर कोणतं वाक्य ऐकू येईल, हे सगळं असतं. साधारण असं :

‘तुमच्या रिळातला ०२:१४ ते ०२:३१ हा १७ सेकंदांचा भाग वापरण्याची परवानगी हवी आहे. यात तीन मुली दोरीवरच्या उड्या मारताना दिसतात. याआधी वस्तीचा नकाशा दिसेल, नंतर एका शिक्षिकेची मुलाखत. मागे निवेदन असेल ते सोबत जोडलं आहे. या मुलींची नावं द्यावीत की देऊ नयेत, हे कृपया कळवावं.’

कुटुंबाने नाही म्हटलं तर तिथे थांबायचं. कारण विचारत बसू नका.

पैसे आणि करार

दर सेकंदावर किंवा मिनिटावर ठरतो, आणि किमान इतके सेकंद घ्यावेच लागतील अशी अट बहुधा असते. किंमत चार गोष्टींवर हलते : कुठली माध्यमं, कुठले देश, किती वर्षं, आणि परवाना फक्त तुम्हालाच की इतरांनाही. ‘सर्व माध्यमं, सर्व जग, कायमस्वरूपी’ हे सगळ्यात महाग. हातात पैसे कमी असतील तर आधी महोत्सवांपुरता परवाना घ्या आणि पुढे टीव्ही किंवा ओटीटीसाठी किती द्यायचे तो आकडा त्याच करारात लिहून ठेवा. फिल्म गाजल्यावर दर ठरवायला बसलात तर फार जड जातं. स्कॅनिंगचा आणि प्रतीचा खर्च वेगळा असतो, तोही विचारून घ्या.

‘पैसे नाहीत, पण तुमचं नाव होईल’ असं कुटुंबाला कधीही लिहू नका. या लोकांच्या श्रमाचा आणि कलेचा फुकट वापर पिढ्यान्‌पिढ्या झाला आहे, त्यात आपली भर नको. विद्यार्थी असाल तर खरा आकडा सांगा, बरेच संग्रह सवलत देतात.

करारात संदर्भ बदलल्यास पुन्हा विचारण्याचं कलम तुम्ही स्वतःहून घाला. ट्रेलर आणि समाजमाध्यमांवरचे तुकडे वेगळे नमूद करा. एआय प्रशिक्षणासाठी फुटेज वापरणार नाही, हेही आता लिहून द्यावं लागतं आणि ते योग्यच आहे. ‘फेअर यूज’चा, म्हणजे परवानगीशिवाय मर्यादित वापर करू देणाऱ्या अमेरिकन कायद्यातल्या सवलतीचा, आधार काही वेळा मिळतो, पण तो वकिलाला विचारून. अमेरिकेत वितरण करायचं तर हक्कभंगाच्या दाव्यांसाठी विमा देणारी कंपनी प्रत्येक सेकंदाच्या परवानगीचा कागद मागू शकते.

प्रत हाती आल्यावर

करार झाल्यावर वॉटरमार्क नसलेली मूळ दर्जाची प्रत येते. ओरखडे, धूळ, रंग उडालेले भाग साफ करण्याची घाई करू नका. चौकट कापून आडव्या पडद्यात बसवू नका, त्यात बहुतेक वेळा कडेला उभं असलेलं एखादं मूल कापलं जातं. श्रेयनामावलीत संग्रहाचं आणि कुटुंबाचं नाव त्यांनी सांगितलेल्या शब्दांत द्या.

संकलन पक्कं होण्याआधी तो भाग कुटुंबाला दाखवा. बघताना कुणी तरी हमखास म्हणतं, “अरे, ही तर आपली आत्या.” ते नाव, टाइमकोडसकट, संग्रहाला कळवा, म्हणजे नोंदीत ‘अनोळखी स्त्री’ असं लिहिलंय तिथे ते घालता येईल.