गरोदरपणातलं वजन: आठवड्याच्या वहीतून

पहिल्या गरोदरपणात माझं वजन २२ किलोंनी वाढलं, दुसऱ्या वेळी १० किलोंनी. दोन्ही बाळं जन्मली तेव्हा तीन किलोंच्या आसपासच होती. म्हणजे पहिल्या वेळचे वरचे १२ किलो बाळाच्या वाट्याला गेलेच नव्हते. ते माझ्या अंगावर राहिले आणि उतरवायला मला दोन वर्षं लागली, तरी पुरते उतरले नाहीत. दुसऱ्या वेळी मी उपाशी राहिले नाही की कुठलं डाएट केलं नाही. एक वही केली, दर आठवड्याला वजन लिहिलं आणि त्यावरून खाणं-चालणं ठरवलं. कसं केलं, ते सांगते.

सगळ्यात आधी दिवस राहण्यापूर्वीचं वजन आठवा. किती वाढायला हवं हे त्याच्यावर ठरतं, मैत्रिणीचं किती वाढलं त्यावर नाही. किलोंमधल्या वजनाला मीटरमधल्या उंचीने दोनदा भागलं की बीएमआय मिळतो, म्हणजे उंचीच्या मानाने वजन किती ते सांगणारा आकडा. माझी उंची १.५८ मीटर. पहिल्या वेळी सुरुवातीला मी ५४ किलोंची होते, म्हणजे बीएमआय साडेएकविसाच्या जरासा वर. दुसऱ्या वेळी ६३ किलो, बीएमआय २५ च्या थोडा पुढे. बाई तीच, पण गट बदलला. अमेरिकेच्या इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनने २००९ साली दिलेले आकडे बरेच डॉक्टर वापरतात: बीएमआय १८.५ च्या खाली असेल तर साडेबारा ते १८ किलो वाढावेत, १८.५ ते २४.९ असेल तर साडेअकरा ते १६. २५ ते २९.९ असेल तर ७ ते साडेअकरा. ३० किंवा जास्त असेल तर ५ ते ९. हे पोटात एक बाळ असतानाचे आकडे आहेत. जुळं असेल तर हिशोब वेगळा, तो डॉक्टरांकडूनच घ्या.

एकूण आकड्यापेक्षा मला वेग जास्त महत्त्वाचा वाटतो. पहिल्या तीन महिन्यांत सगळं मिळून अर्धा ते दोन किलो वाढले तरी पुरे. त्यानंतर १८.५ ते २४.९ च्या गटातल्या बाईचं वजन आठवड्याला साधारण ४०० ग्रॅम वाढावं, बारीक असलेलीचं अर्धा किलो, दुसऱ्या वेळच्या माझ्यासारखीचं (२५ ते २९.९) २८० ग्रॅम आणि ३० च्या वरच्या गटात २२० ग्रॅमच्या आसपास. पहिल्या वेळी मी चौथा महिना लागायच्या आतच सहा किलो वाढले होते. ‘दोन जिवांची आहेस, खा’ असं जो तो म्हणायचा आणि मी खायचे. त्या दिवसांत बाळ जेमतेम लिंबाएवढं असतं, त्याला जादा घास लागतच नाही.

वजन करायची पद्धत एकच ठेवा. माझा वार रविवार. उठल्यावर लघवीला जाऊन यायचं, काही खायच्या आधी, तोच सुती गाऊन, अनवाणी, काटा त्याच फरशीवर. वहीत तीन रकाने: आठवडा, वजन, आणि ‘या आठवड्यात काय झालं’. हा तिसरा रकाना सोडू नका. माझ्या अठराव्या आठवड्यापुढे ७०० ग्रॅमची वाढ आहे आणि शेजारी लिहिलंय: ‘तीन दिवस बाहेरचं खाणं, चालणं नाही.’ पुढच्या आठवड्यात आकडा आपोआप जागेवर आला. एका आठवड्याने घाबरायचं नाही. सलग तीन आठवडे रेघ वर किंवा खाली पळाली की ताट बघायचं आणि डॉक्टरांना वही दाखवायची. रोज मात्र काट्यावर चढू नका. पाणी, मीठ, पोट साफ न होणं, एवढ्यानेसुद्धा आकडा हलतो आणि जीव उगाच टांगणीला लागतो.

एका बाबतीत मात्र वाट बघायची नाही. पहिल्या वेळी तेहतिसाव्या आठवड्यात सहा दिवसांत माझं वजन दोन किलोंनी वाढलं. मला वाटलं, बाळ वाढतंय. अंगठी बोटातून निघेना, सकाळी डोळ्यांवर सूज असायची, डोकं ठणकायचं. दोन दिवस मी ते अंगावर काढलं. तपासणीला गेले तेव्हा रक्तदाब १५० वर १०० होता आणि लघवीतून प्रथिनं जात होती. ही चरबी नव्हती, अंगात साठलेलं पाणी होतं. प्रीएक्लॅम्प्सिया, म्हणजे गरोदरपणात रक्तदाब वाढून होणारा आजार. सदतिसाव्या आठवड्यात कळा आणून बाळंतपण करावं लागलं. सगळं नीट पार पडलं, पण ते दोन दिवस आठवले की अजून काळजात धस्स होतं. विसाव्या आठवड्यानंतर आठवड्याला किलोहून जास्त वाढ, त्याबरोबर चेहऱ्या-हातांवर सूज, डोकेदुखी, डोळ्यांपुढे काजवे किंवा बरगड्यांखाली दुखणं यांतलं काही दिसलं, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा.

आता खाणं. दुसऱ्या तिमाहीत दिवसाला साधारण ३४० कॅलरी जास्त लागतात, तिसऱ्यात ४५०. ऐकायला मोठं वाटतं, म्हणून मी एकदा ते ताटात मांडून बघितलं: एक ग्लास दूध, एक उकडलेलं अंडं, एक केळं. झाले ३४०. तिसऱ्या तिमाहीत त्यावर छोटी मूठभर शेंगदाणे. बस. दोन जिवांचं खाणं ते एवढंच, आणि तेही आपलं रोजचं जेवण नीट असेल तर. अंडं खात नसाल तर मूठभर बदाम-अक्रोड, वाटीभर दही आणि एक सफरचंद, हिशोब तोच. हीच कॅलरी तीन ग्लास गोड शीतपेयातूनही जवळपास भरून निघते, पण त्यातून बाळाला ना प्रथिनं, ना लोह, ना कॅल्शियम. पहिल्या वेळी माझं वजन वाढलं ते मुख्यतः अशा पिण्यातून आणि संध्याकाळच्या बिस्किटांतून.

प्रथिनं दिवसाला ७० ग्रॅमच्या आसपास हवीत. अंड्यातून सहा मिळतात, ग्लासभर दुधातून आठ, म्हणून डाळ, कडधान्य, पनीर, मासे, चिकन यांतलं काही ना काही प्रत्येक जेवणात असावं. मी ताटाचा अर्धा भाग भाजी आणि कोशिंबिरीला द्यायचे, पाव प्रथिनांना, पाव धान्याला. मोजमाप याहून बारीक करायची गरज मला कधी पडली नाही. लोहाची गोळी चहा, दूध किंवा कॅल्शियमच्या गोळीबरोबर घेऊ नका, दोन तासांचं अंतर ठेवा. लिंबूपाण्याबरोबर घेतली तर लोह अंगात चांगलं मुरतं. कच्चं अंडं, कच्चे मासे, न तापवलेलं दूध टाळा. कॉफी दिवसाला दोन छोटे कप, त्याहून जास्त नको. दारूचा एक थेंबही नको.

आणि ज्यांचं वजन वाढतच नाही, त्यांनी स्वतःला दोष देऊ नका. पहिल्या तिमाहीत मळमळीने एखाद-दोन किलो कमी होणं नेहमीचं आहे. दर दोन तासांनी चार घास खा, उठण्याआधी अंथरुणातच काहीतरी कोरडं खा, पाणी जेवणाबरोबर न पिता मधल्या वेळेत प्या. पाणीसुद्धा पोटात ठरत नसेल, लघवी कमी आणि गडद होत असेल, तर थांबू नका, सलाईन लागू शकतं. चौथ्या-पाचव्या महिन्यानंतरही वजन हलत नसेल तर ताट मोठं करण्यापेक्षा ते घट्ट करा: भाजीवर चमचाभर तूप किंवा तेल, दह्यात सुकामेवा, झोपताना दूध. वजन फारच कमी वाढलं तर बाळ अडीच किलोंच्या खाली जन्मण्याची किंवा लवकर येण्याची शक्यता वाढते, म्हणून ही काळजी जास्त वाढीइतकीच महत्त्वाची.

व्यायाम सुरू करण्याआधी डॉक्टरांना सरळ विचारा, ‘मला काही मनाई आहे का?’ वार (बाळाला पोसणारी, प्लॅसेंटा) खाली असणं, रक्तस्राव, गर्भाशयाचं तोंड सैल असणं, रक्तदाब, खूप कमी हिमोग्लोबिन, अशा वेळी नियम बदलतात. मनाई नसेल तर आठवड्याला १५० मिनिटं मध्यम व्यायाम हे लक्ष्य धरा. मी दहा मिनिटांपासून सुरुवात केली आणि दर आठवड्याला पाच-पाच मिनिटं वाढवत तीसवर आणलं. वेग बरोबर आहे की नाही हे बोलून कळतं: चालताना पूर्ण वाक्य बोलता यायला हवं, गाणं म्हणता येऊ नये. वाक्य मध्येच तुटायला लागलं की पाय आवरा. चालण्याखेरीज मी रोज खुर्चीवरून हात न टेकता दहा वेळा उठायचे-बसायचे, आणि लघवी रोखून धरल्यासारखे ओटीपोटाखालचे स्नायू आत ओढून पाच आकडे मोजायचे. (प्रत्यक्ष लघवी करताना मात्र हे करू नका.) चौथ्या महिन्यानंतर पाठीवर फार वेळ उताणं पडून कुठलाही व्यायाम नको. तोल जाईल, पोटाला धक्का बसेल असं काही नको, फार उकाड्यातही नको. रक्त दिसलं, पाणी गेलं, चक्कर आली, छातीत दुखलं, पोटरी दुखून सुजली किंवा पोट ठरावीक वेळाने आवळायला लागलं, तर तिथेच थांबा आणि डॉक्टरांना फोन करा.

शेवटच्या दोन-तीन आठवड्यांत माझ्या वहीतली रेघ जवळजवळ आडवी झाली. मला काळजी वाटली. डॉक्टरांनी बाळाचे ठोके आणि वाढ तपासली आणि सांगितलं की या वेळी वजन थांबू शकतं, काळजी नको. त्या पानांच्या तिसऱ्या रकान्यात मी वजनाऐवजी बाळाच्या हालचाली लिहायला लागले. तुम्हीही लिहा. हालचाल नेहमीपेक्षा कमी वाटली, तर आकडा काहीही असो, सकाळ व्हायची वाट न बघता निघा.