हाताचं ऑपरेशन: पूर्ण भूल की नुसता हात बधिर?

मनगटात प्लेट टाकायचीय म्हटलं की घरचे लगेच सुरू होतात, पूर्ण भूलच द्या, मधेच काही कळायला नको. पण भूलतज्ज्ञ तपासायला येतील तेव्हा आधी विचारा की ऑपरेशन हाताच्या कुठल्या भागाचं आणि किती वेळ चालेल, निम्मं उत्तर तिथेच मिळतं.

कोपराच्या खालचं काम असेल तर बहुतेक वेळा ब्लॉकवर, म्हणजे नुसता हात बधिर करून भागतं. सोनोग्राफीवर बघत बघत कॉलरबोनजवळ किंवा काखेत नसांच्या जुडग्याभोवती औषध सोडतात, 15 ते 30 मिनिटांत हात जड पडतो, मग स्पिरिटचा बोळा लावून गार लागतंय का विचारतात आणि खात्री झाल्याशिवाय कोणी सुरी लावत नाही. आवाज ऐकायची भीती वाटत असेल तर झोपेचं औषध मागा, देतात. फायदा म्हणजे नंतरचे बरेच तास दुखत नाही, मळमळही कमी. पूर्ण भुलीत घसा खवखवतो, आणि ब्लॉक नसेल तर जाग आली की दुखणं हजर.

खांद्याचं प्रकरण वेगळं. तिथे ब्लॉक मानेतून देतात आणि त्या बाजूचा श्वासाचा पडदा काही तास ढिला पडू शकतो, धडधाकट माणसाला सहसा कळतही नाही पण फुफ्फुसाचा जुना आजार असेल तर हे आधी सांगायलाच हवं. खांद्याला बरेचदा दोन्ही एकत्र देतात.

लहान मुलं, लांबलचक ऑपरेशन, कमरेचं हाड काढून हाताला लावायचं असेल, तर पूर्ण भूलच बरी. रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतील तर तेही सांगा, आपल्या मनाने बंद करू नका.

उपाशी मात्र दोन्हीत राहायचं, कारण ब्लॉक अर्धवट लागला तर पूर्ण भूल द्यावी लागते. जेवण किमान 6 तास आधी, साधं पाणी 2 तास आधीपर्यंत, बाकी तुमचे डॉक्टर सांगतील तसं.

आणि ब्लॉक घेतला तर एक गोष्ट अजिबात विसरू नका, दुखत नाहीये म्हणून गोळी टाळायची नाही. ब्लॉक उतरतो तो बरेचदा मध्यरात्री आणि मग असं ठणकतं की गोळी लागू होईपर्यंत जीव जातो. हात झोळीतच ठेवा, तो कुठे आहे हे तुम्हाला कळत नसतं, गरम चहाच्या कपावर टेकला तरी पत्ता लागणार नाही. बोटं निळी किंवा गार पडली, दम लागला, किंवा 24 तासांनीही हात बधिरच असेल तर लगेच फोन करा.