शेततळ्यांच्या भरवशावर परिसरात मत्स्यव्यवसाय कसा उभा करावा

शेततळं खोदलं जातं ते पिकासाठी. त्या पाण्यावर माशाचा हक्क दुसरा. हे एकदा मनाशी पक्कं झालं की पुढचे निर्णय सोपे जातात. आणि एकट्या तळ्यावर व्यवसाय उभा राहत नाही, असं माझं स्पष्ट मत आहे. एका तळ्यातून वर्षात एकदाच मासळी निघते आणि व्यापाऱ्याला ती वर्षभर ठरावीक दिवसांनी हवी असते. म्हणून पहिल्या दिवसापासून शेजारच्या वीस-पंचवीस तळ्यांचा मिळून विचार करा.

आधी पाण्याचा हिशेब

प्रत्येक तळं कधी भरतं, उपसा कोणत्या महिन्यात जास्त असतो आणि सगळ्यात कमी पाणी किती उरतं, हे लिहून काढा. भर उन्हाळ्यातही दीड मीटर पाणी टिकणारी तळी मासे मोठे करण्यासाठी ठेवा. चार-पाच महिन्यांत आटणारी तळीही कामाची आहेत. त्यांत मत्स्यजिरे, म्हणजे अंड्यातून नुकतीच निघालेली पिल्लं, सोडून बोटुकली, म्हणजे बोटाएवढी पिल्लं, तयार करायची आणि ती गटातल्या बाकीच्यांना पुरवायची. पूर्वी या बीजासाठी, म्हणजे माशांच्या पिल्लांसाठी, नदीवर अवलंबून राहावं लागे. १९५७ साली मत्स्यशास्त्रज्ञ हीरालाल चौधरी यांनी मेंदूच्या तळाशी असणाऱ्या पिट्युटरी ग्रंथीच्या अर्काचं इंजेक्शन देऊन रोहू-मृगळसारख्या भारतीय कार्प माशांचं प्रजनन घडवून आणलं आणि हॅचरीच्या, म्हणजे बीजनिर्मिती केंद्राच्या, बीजाची वाट मोकळी झाली. तेव्हा जिरे हॅचरीतून आणा, पण बोटुकली आपल्याच परिसरात वाढवा. जवळचं बीज प्रवासात कमी मरतं.

किती आणि कोणते मासे

इथे बहुतेकांचा हिशेब चुकतो. शेततळ्याच्या बाजू उतरत्या असतात. वर ३० बाय ३० मीटर दिसणारं तळं उपसा झाल्यावर २० बाय २० उरतं, म्हणजे ९०० चौरस मीटरचं ४००. दर चौरस मीटरला एक बोटुकली हे प्रमाण या ४०० वर धरा. त्यातली ८० टक्के जगली आणि सरासरी ८०० ग्रॅमची झाली, तर अडीचशे किलोच्या आसपास मासळी हाती येते.

कटला वरच्या थरात चरतो, रोहू मधल्या आणि मृगळ तळाशी. तिन्ही एकत्र ठेवले की सगळ्या थरांतलं खाद्य वापरलं जातं. प्लास्टिक अंथरलेल्या तळ्यात तळाला माती नसते, तिथे मृगळ कमी ठेवा. ८ ते १० सेंटिमीटरची बोटुकली घ्या. पिशवी वीसेक मिनिटं तळ्यावर तरंगत ठेवा, मग तळ्याचं थोडं थोडं पाणी आत घेत मासे आपणहून बाहेर पडू द्या. त्याआधी पंपाच्या फुटव्हॉल्व्हला, म्हणजे पाणी ओढणाऱ्या तोंडाला, बारीक जाळी बांधलेली हवी.

रोजची राखण

शेंगदाण्याची पेंड आणि भाताचा कोंडा सम प्रमाणात भिजवून, माशांच्या एकूण वजनाच्या २ ते ३ टक्के, ठरलेल्या वेळी आणि ठरलेल्या जागी द्या. पाणी जोखायला हात पुरतो. कोपरापर्यंत हात बुडवा. तळवा त्या खोलीवर जेमतेम दिसेनासा झाला तर पाणी ठीक. त्याआधीच दिसेनासा झाला तर शेवाळ वाढलंय, तळ्यात खत घालत असाल तर ते थांबवा आणि खाद्य कमी करा.

पाण्यातला प्राणवायू पहाटे सगळ्यात कमी असतो. मासे वर येऊन तोंड उघडझाप करताना दिसले की वाट पाहू नका. पंप लावून त्याच तळ्याचं पाणी उंचावरून फवाऱ्यासारखं परत पाडा. सलग ढगाळ दिवस असतील तर खाद्य कमी करा. तळ्याच्या काठाशी फवारणीचा पंप कधीही धुवू नका. सायपरमेथ्रिनसारखी कीटकनाशकं अगदी थोड्या प्रमाणातही मासे मारतात, म्हणून शेतातून वाहणारं पाणी तळ्यात उतरणार नाही असा बांध घाला.

या पाण्यात माशांची विष्ठा मिसळते आणि तिच्यातलं नत्र पिकाला लागू पडतं. उपसलेलं पाणी शेतालाच जातं, ही या पद्धतीची मोठी जमेची बाजू. ठिबकवर मात्र फिल्टर वारंवार साफ करावा लागेल.

काढणी आणि विक्री

चोवीस तळी असतील तर दर पंधरवड्याला एका तळ्याची काढणी, असं वेळापत्रक बसवा. सगळी तळी पावसात एकदमच भरतात. म्हणून काहींत लहान बोटुकली आणि काहींत आधी राखून ठेवलेले १०० ग्रॅमचे मासे सोडले की काढणीच्या तारखा पांगतात. ओढजाळं, बर्फाच्या पेट्या आणि वजनकाटा गटाचा एकच घ्या.

काढणीच्या आदल्या दिवशी खाद्य बंद ठेवा. एक मासा शिजवून चव घ्या. काही शेवाळांमुळे मातकट वास येतो. तो आला तर मासे काही दिवस स्वच्छ पाण्यात ठेवूनच विका, कारण एकदा नाराज झालेलं गिऱ्हाईक साऱ्या गटाची मासळी टाळतं. उष्ण हवेत मासळीइतकाच बर्फ लागतो. प्लास्टिकच्या उतारावर पाय ठरत नाही, म्हणून दोराची शिडी बांधल्याशिवाय आणि सोबत माणूस असल्याशिवाय पाण्यात उतरू नये.

शेवटची गोष्ट लेखी करून ठेवा. पिकासाठी एखादं तळं अवेळी रिकामं करावं लागलं, तर त्यातले मासे गटातल्या कोणत्या तळ्यात हलवायचे आणि त्यांचे पैसे कोणत्या वजनावर धरायचे, हे हंगाम सुरू होण्याआधीच ठरवा.