सर्व्हरमध्ये कुणी घुसलं? फॉरमॅट मारायच्या आधी हे करा

ऑफिसच्या सर्व्हरमध्ये कुणीतरी घुसलंय असं कळलं की पहिला फोन जातो कॉम्प्युटरवाल्याला आणि तो येऊन पहिलं काम करतो ते फॉरमॅट, दुपारपर्यंत काम चालू, साहेब खूश, आणि केसची तिथेच वाट लागलेली असते.

म्हणून आधी फक्त नेटवर्कची केबल काढा. मशीन बंद करू नका, रॅममधलं (चालू मशीनच्या तात्पुरत्या मेमरीतलं) सगळं जातं. (फाइली डोळ्यांदेखत लॉक होत असतील तर मात्र सरळ बंद करा, तिथे वाचवणं महत्त्वाचं.) पासवर्ड बदलायचे ते दुसऱ्या मशीनवरून.

मग एक साधी वही घ्या, शिवलेल्या पानांची. "९.४० अकाउंट्सच्या मॅडमनी रात्री २ ची एंट्री दाखवली. ९.५५ केबल काढली, काढणाऱ्याची सही." बस, एवढंच, पण त्याच वेळी लिहायचं, संध्याकाळी आठवून नाही. उलटतपासणीत वकील पहिला प्रश्न हाच विचारतो की मधल्या वेळात मशीनला हात कोणी लावला.

लॉग, म्हणजे कोण कधी आत आलं याची मशीनने आपोआप ठेवलेली नोंद, काढताना फायरवॉल, व्हीपीएन, सर्व्हर, मेल, सगळीकडचे काढा आणि वेळ कुठली आहे ते बघा. लॉग यूटीसीमध्ये (आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे असलेली जागतिक वेळ) असेल तर ४ तारखेचे २०.३५ म्हणजे आपल्याकडे ५ तारखेच्या पहाटेचे २.०५, तारीखच बदलते, आणि पोलिसांनी चुकीच्या वेळेने इंटरनेट कंपनीकडे आयपी (इंटरनेटवरचा पत्ता) कोणाचा ते विचारलं तर भलत्याच माणसाच्या दारात जातील. एकच आयपी बऱ्याचदा एका वेळी अनेक ग्राहकांना दिलेला असतो, त्यामुळे सोबत पोर्ट नंबरही हवा. सर्ट-इनच्या (केंद्र सरकारची सायबर सुरक्षा संस्था) २८ एप्रिल २०२२ च्या आदेशाप्रमाणे लॉग १८० दिवस ठेवायचे आणि घुसखोरी कळल्यापासून ६ तासांत त्यांना कळवायचं, हे बऱ्याच जणांच्या गावीच नसतं.

डिस्कची कॉपी म्हणजे कॉपी-पेस्ट नव्हे, राइट ब्लॉकर (मूळ डिस्कवर काहीही लिहू न देणारं उपकरण) लावून पूर्ण इमेज, म्हणजे डिस्कची जशीच्या तशी प्रत, आणि तिची हॅश व्हॅल्यू (डेटा जरा जरी बदलला तरी बदलणारा आकडा, डेटाचा जणू अंगठाच) लगेच वहीत. मूळ डिस्क सील करून कपाटात, तपासणी कॉपीवरच.

आता सर्टिफिकेट, म्हणजे डिजिटल कॉपीसोबत कोर्टात द्यायचं सही केलेलं प्रमाणपत्र. जालन्याच्या खोतकर-गोरंट्याल निवडणूक केसमध्ये व्हिडिओ रेकॉर्डिंग होतं, पण अधिकारी सर्टिफिकेटच देईनात, शेवटी प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं आणि २०२० मध्ये कोर्टाने सांगितलं की मूळ उपकरणच हजर करत नसाल तर कॉपीसोबत सर्टिफिकेट लागणारच. तेव्हा ते जुन्या पुरावा कायद्याचं कलम ६५ब होतं, १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियमाचं कलम ६३ आहे, त्यात भाग अ मशीन सांभाळणाऱ्याने आणि भाग ब तज्ज्ञाने भरायचा, हॅशसकट. भाग अ वर सही कोण करणार हे पहिल्याच दिवशी ठरवा, नंतर सगळे एकमेकांकडे बोट दाखवतात.

साक्षीदारांचं तर कुणी बघतच नाही! पहिल्यांदा ज्याच्या लक्षात आलं तो, लॉग काढणारा, आणि ज्याच्या नावाने लॉगिन झालं तो कर्मचारी (तो त्या रात्री कुठे होता ते सांगेल), एवढे तरी लागतात. जुन्याच माणसावर संशय असेल तर त्याचा अॅक्सेस कधी बंद केला ते सांगायला एचआरवाले. समन्स येईपर्यंत काही वर्षं जातात, माणूस नोकरी सोडून पुण्याहून बंगळुरूला गेलेला असतो, म्हणून कंपनीचा ईमेल नको, घरचा पत्ता आणि स्वतःचा मोबाइल नंबर लिहून ठेवा. आणि कुणालाही "असं सांग" म्हणून पढवू नका, आठवत नाही तर आठवत नाही, दोन साक्षीदार शब्दन् शब्द सारखं बोलले की उलट संशय येतो.

पैसे गेले असतील तर बाकी सगळं राहू दे, आधी १९३० ला (सायबर फसवणुकीची सरकारी हेल्पलाइन) फोन. मग सायबर पोलिस स्टेशन. आयटी कायद्याच्या कलम ६६ ला ३ वर्षांपर्यंत कैद किंवा ५ लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही आहे आणि तपास इन्स्पेक्टर किंवा त्यावरच्याच अधिकाऱ्याने करायचा असतो. डिस्क देताना पंचनाम्यात सीरियल नंबर आणि हॅश लिहिलंय का ते तिथेच उभं राहून वाचा, "एक काळ्या रंगाची हार्डडिस्क" असं लिहिलं असेल तर दुरुस्त करायला सांगा, लाजू नका. पोच घेतल्याशिवाय निघायचं नाही.

आणि हो, चोराचा आयपी सापडला म्हणून त्याच्या मशीनमध्ये आपण घुसायचं नाही, तेच कलम ६६ मग तुमच्यावर लागतं.

नुकसानभरपाई हवी असेल तर ती वेगळी वाट, राज्याच्या आयटी सचिवांपुढे, ५ कोटींपर्यंतचे दावे तिथे चालतात. तिथेही हीच वही आणि हेच लॉग कामाला येतात.