एकट्याचं घर, दोनशे लिटरची टाकी: हीट पंपाच्या या चुका टाळा

पाणी तापवायचा हीट पंप बसवला तेव्हा जुळे सोलापुरातल्या आमच्या घरात पाच माणसं होती आणि सकाळी बाथरूमसमोर रांग लागायची. मुलं पुण्याला गेली, आता मी एकटा. आंघोळीला एक बादली, भांड्यांना थोडं कोमट पाणी, संपला विषय. बिलही त्याच मापाने उतरेल असं वाटलं होतं. उतरलं, पण अगदी नावापुरतं. मग एका दुपारी कागद-पेन घेऊन बसलो.

हिशेब सोपा आहे. एक लिटर पाणी एक अंशाने तापवायला सुमारे १.१६ वॉट-तास लागतात; हजार वॉट-तास म्हणजे एक युनिट. जानेवारीत, गड्ड्याच्या यात्रेच्या थंडीत गच्चीवरच्या टाकीचं पाणी सकाळी २२ अंश धरा आणि आंघोळीचं ४० अंश. वीस लिटरच्या बादलीला लागली जेमतेम ०.४२ युनिट उष्णता. हीट पंप ही उष्णता तयार करत नाही, हवेतून उचलून पाण्यात टाकतो. म्हणून एका युनिट विजेत तीन युनिटांच्या आसपास उष्णता मिळते. म्हणजे बादलीची वीज पडली ०.१४ युनिट. आता टाकी बघा. दोनशे लिटरची बरी टाकी दिवसभरात एक-सव्वा युनिट उष्णता नुसती बसल्या बसल्या हवेत सोडते. ती भरून काढायला ०.४ युनिट वीज. बेरीज झाली ०.५४ युनिट. साध्या छोट्या गीझरवर, वापरापुरता लावून बंद केला तर, हीच आंघोळ जवळपास तेवढ्याच विजेत होते!

थोडक्यात, मी आंघोळीसाठी वीज भरत नव्हतो, टाकी उबदार ठेवण्यासाठी भरत होतो. खालच्या बहुतेक चुका याच एका गोष्टीला येऊन मिळतात.

साठ अंशांवर कायम लावून ठेवणं

बसवून देणाऱ्याने ६० वर लावलं आणि ‘हात लावू नका’ म्हणून गेला. मी वर्षानुवर्षं लावला नाही. बाहेर २५ अंश असतील तर ६० वरची टाकी ३५ अंशांच्या फरकाने उष्णता गमावते, ४८ वरची २३ अंशांच्या. गळती एक-तृतीयांशाने कमी झाली ती इथेच. शिवाय पाणी जितकं जास्त तापवायचं तितका कॉम्प्रेसरवर ताण आणि तितकी त्याची कार्यक्षमता कमी. आपल्याकडे बोअरचं आणि टँकरचं जड पाणी, त्यात तापमान वाढलं की क्षारही लवकर बसतात. एकट्या माणसाला ४८ ते ५० पुरे होतात.

चोवीस तास चालू आणि तेही ‘हायब्रिड’वर

पॅनलवर साधारण तीन-चार मोड असतात. इकोमध्ये फक्त कॉम्प्रेसर चालतो. हायब्रिडमध्ये पंप मागे पडला असं यंत्राला वाटलं की आतली विजेची कॉइलही लागते. बूस्टमध्ये तर कॉइल हमखास. पाच जणांच्या घराला हायब्रिड हवा, कारण एकामागोमाग आंघोळी होतात. एकट्याला पाणी संपण्याची भीतीच नाही. इकोवर टाका आणि विसरून जा.

टायमरची वेळ मात्र नीट निवडा. आमचा पहाटे पाचला लागायचा, कारण आंघोळ सहाला. तर्क बरोबर वाटतो ना? पण जानेवारीत सोलापुरात पहाटे हवा पंधरा-सोळा अंशांची असते आणि दुपारी तिशीच्या आसपास. हवेतूनच उष्णता घ्यायची, तर गरम हवेतून घ्यावी. मी आता दुपारी एक ते चार ठेवलंय. टाकी दिवसाला साधारण पाच अंश उतरते, म्हणून चारला ५० असलेलं पाणी सकाळी सहाला ४७ असतं. आंघोळ तशीच कडक होते. महावितरणचं स्मार्ट मीटर असेल तर दिवसाच्या वापराला सवलत लागते का, तेही बिलावर बघून घ्या. महिन्याचा वापर शंभर युनिटांच्या आत ठेवण्याला एकट्याच्या घरात वेगळीच किंमत आहे. त्यापुढचा टप्पा महाग पडतो.

त्याहून पुढचं पाऊल म्हणजे एक दिवसाआड तापवणं. तिसऱ्या दिवशी सकाळीही टाकीत ४२ च्या आसपास असतं; गार पाणी मिसळावं लागत नाही एवढंच. नळाचं पाणी दिवसांआड येण्याची सवय सोलापूरकरांना आहेच, गरम पाण्याची लावून घ्यायला काय जड आहे!

बादली काढली की पंप सुरू

टायमर न लावणाऱ्यांची ही खास तक्रार. बादलीत थोडं गार मिसळायचं धरलं तरी वरून चौदा लिटर गरम पाणी गेलं की खालून तेवढंच गार आत येतं. तापमान मोजणारा सेन्सर खालच्या बाजूला असेल तर त्याला वाटतं टाकी थंड झाली, आणि पंप थोड्याशा कामासाठी लागतो. असा वारंवार चालू-बंद होणारा कॉम्प्रेसर लवकर थकतो. सेटिंगमध्ये ‘डिफरन्शियल’ नावाचा आकडा, म्हणजे पाणी किती अंश उतरलं की पंप लागायचा ते, असेल तर तो ५ वरून ८-१० वर न्या. नसेल तर टायमरच त्याचं औषध.

काटकसरीच्या नादात पाणी शिळं ठेवणं

ही चूक मी स्वतः केली आणि सगळ्यांत गंभीर हीच आहे. ४८ अंशांचं चौदा लिटर पाणी गार पाण्यात मिसळलं की बादली होते. दोनशेला चौदाने भागा: टाकीतलं पाणी पूर्ण बदलायला दोन आठवडे लागतात. २० ते ४५ अंशांच्या दरम्यान साचलेल्या पाण्यात लिजिओनेला नावाचे जिवाणू वाढतात, आणि शॉवरचे तुषार श्वासातून आत गेले तर न्यूमोनिया होऊ शकतो. वर सांगितलेला दिवसाआडचा उपाय टाकीला नेमका याच पट्ट्यात आणून सोडतो. म्हणून आठवड्यातून एकदा ६० अंश, यात सूट नाही. बऱ्याच यंत्रांत त्याचा वेगळा मोड असतो आणि तो कॉइल वापरतो. ४८ वरून ६० ला न्यायला दोनशे लिटरला सुमारे २.८ युनिट उष्णता लागते. कॉइलने केली तर तेवढीच वीज. आठवड्याचा हा खर्च मुकाट्याने करावा. माझा रविवार ठरलेला आहे. त्या दिवशी बादलीत आधी गार पाणी, मग गरम, नाहीतर हात भाजेल.

आठ-दहा दिवस पुण्याला जाऊन आलात तरी हेच: जाताना बंद, आल्यावर आधी ६० आणि मगच आंघोळ. मार्चअखेरपासून जूनपर्यंत तर मी यंत्र बंदच ठेवतो. गच्चीवरची काळी टाकी तेव्हा फुकट तापते. दुपारी नळाखाली हात धरवत नाही. मात्र यंत्र बंद करताना आतलं पाणी काढून टाका. उन्हाळ्यात महिनोन्‌महिने कोमट साचलेलं पाणी म्हणजे जिवाणूंना आयतं घर.

गॅलरी काचांनी बंद करणं

धूळ नको म्हणून मी गॅलरीला सरकत्या काचा लावल्या. यंत्र आत. ते हवा गार करून बाहेर फेकतं आणि बंद जागेत तीच गार हवा पुन्हा ओढतं. तीन तासांचं काम पाच तासांवर गेलं आणि मी यंत्रातला गॅस संपला म्हणून मेकॅनिकला बोलावलं. त्याने एक काच सरकवली, पैसे घेतले आणि गेला. मार्चमध्ये त्या गार झुळकेत खुर्ची टाकून पेपर वाचायला मजा येते, ते वेगळं.

हवेच्या फिल्टरचंही तसंच. पॉवरलूमच्या जवळ राहणाऱ्यांना सांगायला नको. टॉवेलच्या सुताचे तंतू जाळीवर चादरीसारखे बसतात. महिन्यातून एकदा जाळी काढून नळाखाली धुवा. टाकीला गंजण्यापासून वाचवणारा आतला मॅग्नेशियमचा रॉडही जड पाण्यात लवकर झिजतो, दर वर्षी उघडून बघायला सांगा.

मेकॅनिकला बोलावण्याआधी

पाणी कोमट येतंय? आधी पॅनलवरचं घड्याळ बघा. लाइट जाऊन आली की काही यंत्रांचं घड्याळ बारावर जातं आणि दुपारचा टायमर मध्यरात्री लागतो. आमच्याकडच्या निम्म्या तक्रारी इथेच मिटल्या. लाइट आल्यावर पंप तीन-चार मिनिटं गप्प राहिला तर घाबरू नका, कॉम्प्रेसर वाचवण्यासाठी तो मुद्दाम थांबतो. बटण सतत दाबत बसू नका.

चालू असूनही तापत नसेल तर बाहेर येणाऱ्या हवेत हात धरा. गार लागली तर पंप काम करतोय, दोष दुसरीकडे आहे. मिक्सर नळ अर्धवट उघडा राहून गार पाणी गरमाच्या लाइनीत शिरतंय का, तेही पाहा.

बिल एकदम चढलं तर घरातलं बाकी सगळं बंद करून मीटरचं रीडिंग घ्या आणि तासाने पुन्हा. नुसता पंप साधारण अर्धा ते एक युनिट खातो. दीड-दोनच्या घरात आकडा गेला तर कॉइल लागली आहे, मोड बदला.

पावसाळ्यात यंत्राखाली पाणी ठिबकणं बहुतेक वेळा हवेतल्या बाष्पाचं असतं, नळी मोरीकडे वळवली की झालं. सेफ्टी व्हॉल्व्हमधून तापताना थेंब थेंब येणंही चालतं. पंप बंद असतानाही धार चालू असेल तर मात्र फोन करा.

आणि पुण्याला जायला सकाळची हुतात्मा एक्सप्रेस पकडायची असेल, त्यात आदल्या दिवशी तापवायची पाळी नसेल, तर पहाटे उठून बूस्ट दाबू नका. चुलीवर पातेलंभर पाणी तापवा, दहा मिनिटांत होतं.